जुनी पिकअप : खोडव्यासारखी राखा, वेळ आली की खोडव्यासारखी मोडा



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि हुमणी यांविषयी लिहीत असतो. या खेपेस गाडीविषयी लिहीत आहोत. कारण सरळ आहे. गटवार मेळावा असो की बांधावरची भेट, उसाचे बोलणे आटोपले की एक प्रश्न हमखास निघतो : "साहेब, पिकअप पावणेतीन लाख पळालीय. ठिवू का काढू?"

हा प्रश्न आम्हांस उसाबाहेरचा वाटत नाही. गव्हाणीकडे ऊस जातो तो ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाडीने. पण वर्षभराचे बाकीचे ओझे पिकअपच वाहते. बेणे आणि रोपे, युरिया-पोटॅशची पोती, ठिबकच्या नळ्या, जनावरांसाठी वाढे, सांगलीच्या यार्डात जाणारी हळद, कराडच्या बाजारातला भाजीपाला, सगळे तिच्याच हौद्यात. १९८६ साली टाटा ४०७ आली, २००५ साली टाटा एस, म्हणजे आपल्या लोकांचा 'छोटा हत्ती' आला, आणि जीपच्या घराण्यातल्या महिंद्राच्या पिकअप तर गाडीवाटेला सरावलेल्याच. आता गावोगावी या गाड्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ वयात आलेल्या आहेत. उसाच्या बिलातून एक तर नव्या गाडीचा हप्ता जातो, नाहीतर जुनीच्या मिस्त्रीचे बिल. यांतले कोणते परवडते, हा शेतीच्या हिशेबाचाच भाग आहे.

लागण आणि खोडवा यांतला फरक ज्याला कळतो, त्याला हा हिशेब अवघड नाही. खोडव्याला नांगरट नाही, बेणे नाही, लागणीची मजुरी नाही, म्हणून तो परवडतो. पण 'खोडवा काय, आपोआप येतोय' म्हणून सोडून दिला तर उतारा बसतो. बुडखे छाटले, नांग्या भरल्या, खत वेळेवर दिले, तरच तो लागणीच्या जवळ जातो. जुन्या गाडीचे तेच आहे. तिचा हप्ता फिटलेला असतो, हा तिचा मोठा गुण. मात्र ती फुकटात चालत नाही. हप्त्यातून वाचलेल्या पैशांतले काही तिच्यावर नेमाने खर्चावे लागतात. आणि निडव्याच्या पुढे ऊस राखत बसण्यात जसे शहाणपण नाही, तसे गाडीचेही आहे.

आधी वही

गाडी ठेवावी की काढावी हे मिस्त्री सांगू शकत नाही, शेजारी तर नाहीच नाही. ते वही सांगते. शंभर पानी वही गाडीत ठेवावी. प्रत्येक वेळी टाकी पूर्ण भरून किलोमीटर आणि लिटर लिहावेत. ऑइल, टायर, दुरुस्ती, विमा, पासिंग, सारे तारखेसह लिहावे. गाडी ज्या दिवशी बंद पडली तो दिवसही लिहावा.

समजा, गाडी वर्षाला १८,००० किलोमीटर पळते आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे. चालकाचा पगार दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो सोडून देऊ.

जुनी गाडी : लिटरला १२ किलोमीटर, म्हणून डिझेल १,५०० लिटर, रुपये १,३५,०००. दुरुस्ती, टायर, ऑइल ५४,०००. विमा, पासिंग, कर ३६,०००. एकूण २,२५,०००. किलोमीटरला साडेबारा रुपये.

नवी गाडी : लिटरला १५ किलोमीटर, म्हणून डिझेल १,२०० लिटर, रुपये १,०८,०००. हप्ता महिना १५,००० प्रमाणे १,८०,०००. विमा आणि देखभाल ४५,०००. एकूण ३,३३,०००. किलोमीटरला साडेअठरा रुपये.

म्हणजे या उदाहरणात जुनी गाडी वर्षाला १,०८,००० रुपये वाचवते. जुनीची दुरुस्ती ५४,००० वरून १,६२,००० वर गेली, की दोन्ही सारख्या झाल्या. पुढे गेली, की जुनी महाग पडू लागली. हप्ते फिटल्यावर नवी गाडी आपली राहते, हे नव्याच्या बाजूने धरावे. उभ्या गाडीमुळे भाड्याचे वाहन करावे लागले, तर तो खर्च जुनीच्या नावावर मांडावा. वर दिलेले आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या वहीतले आकडे त्या जागी घालावेत, उत्तर आपोआप निघेल.

वहीचा दुसरा उपयोग रोग लवकर कळण्याचा. लिटरला १२ देणारी गाडी एकाएकी १० वर आली, तर एअर फिल्टर, ब्रेक घासणे, टायरची हवा किंवा नोझल यांत कुठेतरी दोष आहे. उसाचे पान पिवळे पडल्यावर आपण बांधावर उभे राहून विचार करतो, तसाच येथे करावा.

आरसी पुस्तकातले दोन आकडे

जुनी गाडी वयाने मरत नाही, ओझ्याने मरते. आरसी पुस्तकात रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन असे दोन आकडे असतात. दोहोंतला फरक म्हणजे गाडीची ताकद, आणि त्यातच चालक व सोबतीही आले. समजा फरक १,२५० किलो आहे. दोन माणसांचे १५० किलो गेले. राहिले १,१००. त्यात ४५ किलोची युरियाची पोती बसतात २४, आणि ५० किलोची डीएपीची २२. हौद्यात जागा उरते म्हणून आणखी दहा पोती टाकणे हे गाडीच्या आयुष्यातून कर्ज काढणे आहे.

बेण्याचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. दोन डोळ्यांची टिपरी लावायची तर एकरी साधारण अडीच टन बेणे लागते. म्हणजे वरच्या गाडीच्या तीन खेपा. प्रत्यक्षात ते बेणे एकाच खेपेत आलेले आम्ही पुष्कळदा पाहतो. पुढची चाके हलकी, मागचे पाटे उलटे, आणि स्टिअरिंग हातात कमी, रामभरोसे जास्त. यावर शेतीतलाच उपाय आहे. बेणेमळा आपल्याच रानात किंवा गावातच करावा, म्हणजे लांबची वाहतूक टळते. नाहीतर रोपे लावावीत. पाच फुटी सरीत दोन फुटांवर रोप लावले तर एकरी ४,३५६ रोपे लागतात आणि ती वजनाने टिपऱ्यांच्या मानाने कितीतरी हलकी असतात.

काही जण मागे जादा पाटा टाकून घेतात आणि गाडीची ताकद वाढली असे समजतात. पाट्याने फक्त मागची बाजू बसायची थांबते. चेसिस, ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक होते तेवढ्याच ताकदीचे राहतात. पूर्वी पाटे बसून गाडी तक्रार करीत होती. जादा पाट्याने आपण तिचे तोंड बंद केले, एवढेच.

घाट आणि ब्रेक

आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या गाड्यांना घाट चुकत नाही. पुण्याला जाताना खंबाटकी, वाईवरून पाचगणीला पसरणी, कराड-पाटणवरून चिपळूणला कुंभार्ली. उतारावर गाडी थोपवताना ब्रेकमध्ये उष्णता तयार होते. त्याच वेगात वजन दुप्पट असेल तर उष्णताही दुप्पट. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. असे जुने ऑइल तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते, पेडल मऊ पडते आणि तळाला जाते. ते दिसायला बरे असले तरी दोन वर्षांनी बदलून टाकावे. खर्च किरकोळ आहे.

ज्या गिअरने घाट चढला असता, त्याच गिअरने उतरावा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणे किंवा किल्ली बंद करणे हा जिवाशी खेळ आहे. इंजिन बंद झाले की ब्रेकची मदतीची ताकद दोन-चार दाबांत संपते, आणि काही गाड्यांत स्टिअरिंग लॉकही होऊ शकते. शिवाय गिअरमध्ये पाय काढून उतरताना आजची इंजिने डिझेल घेतच नाहीत, त्यामुळे वाचत काहीच नाही.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत असली तरी बाजूला भेगा पडलेला जुना टायर भरल्या गाडीला वापरू नये. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर कायद्यानेही बाद आहे.

तेल, पाणी, गाळण्या

सकाळी गाडी थंड असताना ऑइलची पट्टी पाहावी. डिझेल इंजिनचे ऑइल काळे होते, त्याला भिऊ नये. पण ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे, गाडी चालू न करता मिस्त्रीला बोलवावे. पुस्तकातले ऑइल बदलण्याचे किलोमीटर चांगल्या रस्त्यासाठी धरलेले असतात. आपली गाडी धुळीत, दुसऱ्या गिअरमध्ये, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारते. तिला त्याच्या आधीच बदलावे. प्रत पुस्तकात लिहिली असेल तीच, सुटे स्वस्त ऑइल नको.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतू नये. ज्या क्षारांनी ठिबकची छिद्रे बुजतात, तेच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, आणि मग "उन्हाळ्यात गाडी तापतीय" ही तक्रार सुरू होते. शुद्ध पाणी मिसळलेले कूलंटच वापरावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

एअर फिल्टर ऊसतोडीच्या दिवसांत दर आठवड्याला पाहावा. डिझेल फिल्टरच्या तळाशी साचणारे पाणी स्क्रू सैल करून सोडावे. कॅनमधले डिझेल वापरणाऱ्यांनी तर हे विशेष पाळावे. ज्या इंजिनात टायमिंगचा पट्टा आहे, तो ठरलेल्या किलोमीटरला बदललाच पाहिजे. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि पट्ट्याचा खर्च इंजिनावर जातो.

गंज, पाचट आणि उंदीर

उसाच्या पट्ट्यातल्या गाडीला हे तीन शत्रू जास्तीचे आहेत. पोटॅश खत हे एक प्रकारचे मीठच. फाटक्या पोत्यातले खत हौद्याच्या सांधीत बसले की पत्रा आणि चेसिस खाते. खताची किंवा शेणखताची खेप झाली की हौदा आणि खालची बाजू त्याच दिवशी पाण्याने धुवावी. पावसाळ्यापूर्वी गंज खरवडून रंगाचा हात द्यावा.

वाळलेले पाचट सायलेन्सरजवळ अडकते आणि पेट घेऊ शकते. आठवड्यातून एकदा गाडीखाली वाकून ते काढावे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्या आल्या. त्यांतल्या पुष्कळ डिझेल गाड्यांत धुराची काजळी जाळणारा फिल्टर असतो, तो काम करताना फार तापतो. अशी गाडी पाचट पसरलेल्या रानात चालू ठेवून उभी करू नये. पेटला तर एकट्या गाडीचे नुकसान होत नाही, शेजारचा उभा ऊसही जातो.

फडातली उंदरे तोड सुरू झाली की बिऱ्हाड हलवतात आणि उबदार बॉनेटखाली येतात. वायर कुरतडली तर गाडी बंद पडते, वेळप्रसंगी शॉर्टही होते. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहणे एवढाच त्यावर इलाज आहे.

पुरात भिजलेली गाडी

२००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णा-वारणेच्या काठाने काय सोसले ते सांगायला नको. पाणी येणार असे दिसले की जनावरांबरोबर गाडीही उंचावर न्यावी. तरीही गाडी बुडालीच तर पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवू नये. इंजिनच्या आत पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची तार काढून गाडी ओढत न्यावी. इंजिन, गिअर आणि डिफरन्शियल या तिन्हींचे ऑइल बदलून घ्यावे.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. पुरातली गाडी रंग मारून बाजारात येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, आत चिखलाची रेघ दिसते. पायपुसण्याखालचा पत्रा, हेडलाइटच्या आतला ओलावा, वायरच्या जोडांवरचा हिरवा गंज पाहावा. मीटरवर भरवसा ठेवू नये. ऐंशी हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे क्लच पेडल गुळगुळीत झिजलेले असेल, तर पेडल खरे बोलते.

कागद

पासिंग गाडीला आठ वर्षे होईपर्यंत दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. पीयूसी बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना वर्षाची, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांची. भरलेल्या गाडीचे कमाल वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्के केले. जादा वजनाला मात्र २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड कायद्यात आहे.

दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या. गाडी विकली तर ती घेणाऱ्याच्या नावावर झाल्याशिवाय स्वस्थ बसू नये. ज्याच्या नावावर नोंद, त्याच्यावर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. "पैसं मिळालं, कागद करू निवांत" हे महागात पडते. दुसरे, मालगाडीच्या हौद्यात माणसे बसवू नयेत. भांगलणीच्या बायका असोत, जत्रेची मंडळी असोत की लग्नाचे वऱ्हाड. हौद्यात फुकट बसवलेल्या माणसांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, ती मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत पोचते. आणि गेलेले माणूस तर कोणत्याच भरपाईने येत नाही.

मोडायची वेळ

खोडवा कधी मोडावा हे आपण फुटवे पाहून ठरवतो. गाडीच्या बाबतीत पुढील खुणा पाहाव्यात.

१. चेसिसला चीर गेली आहे किंवा गंजाने पापुद्रे सुटत आहेत. वेल्डिंगवर भरवसा ठेवून भरलेली गाडी रस्त्यावर आणू नये.

२. इंजिन धूर ओकते, ऑइल पिते आणि ऑइल भरायच्या झाकणातून जोराची वाफ मारते. इंजिन खोलण्याचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर जात असेल तर थांबून विचार करावा.

३. वहीत सलग दोन वर्षे किलोमीटरचा खर्च नव्या गाडीच्या बरोबरीला आला आहे.

४. गाडी ऐन कामाच्या दिवसांत बंद पडते. रोपे आणायच्या दिवशी गाडी उभी राहिली तर नुकसान रोपांचे, म्हणजे पुढच्या बिलाचे.

यांतली पहिली खूण दिसली तर बाकीच्यांची वाट पाहू नये. बाकीच्यांपैकी दोन एकदम दिसल्या तर गाडी मोडीत काढावी. 'आत्ताच चाळीस हजार घातलेत' म्हणून ती ठेवू नये. घातलेले पैसे गेले, आता पुढचे वाचवायचे. मोडीत देताना नोंदणीकृत केंद्रातच द्यावी, ठेवीचे प्रमाणपत्र घ्यावे आणि आरसीची नोंद रद्द करून घ्यावी. नाहीतर गाडी भंगारात आणि कर, दंड मात्र आपल्या नावावर, असे होते.

यांतली एकही खूण नसेल, तर मीटरवर तीन लाख दिसले म्हणून गाडी काढण्याचे काही कारण नाही. शेजाऱ्याच्या दारात नवी आली, हे तर कारण मुळीच नव्हे. ऊस आपला, बिल आपले, हप्ता मात्र दुसऱ्याच्या हौसेचा, असे होऊ देऊ नये.

सभासदांना विनंती की हा अंक वाचून झाल्यावर दोन कामे करावीत. आरसी पुस्तक काढून त्यातले वजनाचे दोन आकडे हौद्याच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवावेत, म्हणजे भरणाऱ्या माणसालाही ते दिसतील. आणि एक वही घेऊन आजच्या तारखेचे किलोमीटर तिच्यात टिपावेत. वर्षभराने ती वही घेऊन गट ऑफिसला या. आपण उसाच्या हिशेबाबरोबर तिचाही हिशेब बसून करू.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग